उतारावर ट्रॅक्टर चालवताना : चढ, उतार, आडवी जमीन आणि ट्रॉली

पाटण, जावळी, आजरा, चंदगड, गगनबावडा, अकोले, इगतपुरी अशा डोंगराळ तालुक्यांत ट्रॅक्टरला रोज चढउतारावर काम करावे लागते. कधी डोंगरउतारावरची नाचणी-वरीची जमीन नांगरायची असते, कधी माळावरच्या फडातून उसाची ट्रॉली डांबरी रस्त्यापर्यंत आणायची असते, तर कधी कोकणातल्या जांभ्याच्या उतारावर आंब्याच्या बागेत फवारणीसाठी टाकी ओढायची असते. ज्या ट्रॅक्टरवर ही कामे होतात तो मात्र बहुतेक वेळा सपाट रानात वापरला जाणारा, चाळीस-पन्नास अश्वशक्तीचा, उंच, मागे जड आणि पुढे हलका असा सर्वसाधारण ट्रॅक्टर असतो. अनुभवी चालकाला उतारावर काही होत नाही, अशी समजूत गावोगावी आहे. प्रत्यक्षात ट्रॅक्टर मागे उलटू लागला की पाऊण सेकंदात तो परत न येण्याच्या टप्प्यापर्यंत पोहोचतो, आणि सुमारे दीड सेकंदात पूर्ण पालथा होतो. धोका ओळखून पाय क्लचवर पडायलाच पाऊण सेकंद लागत असेल, तर कितीही वर्षांचा अनुभव तिथे अपुरा ठरतो. म्हणून कोणता गिअर टाकायचा, किती भार घ्यायचा, तो कुठे जोडायचा आणि कोणत्या वाटेने जायचे हे सगळे उतार लागण्यापूर्वी, सपाट जागेवर उभे असतानाच ठरवायचे असते. पुढचे सगळे मार्गदर्शन या एका गोष्टीभोवती आहे.

ट्रॅक्टर नेमका का उलटतो

दोन चाकांना ओढ असलेल्या (टू-व्हील ड्राइव्ह) सर्वसाधारण ट्रॅक्टरचे सुमारे दोन तृतीयांश वजन मागच्या चाकांवर आणि एक तृतीयांश पुढच्या चाकांवर असते. म्हणजे पुढच्या आणि मागच्या आसात (अ‍ॅक्सलमध्ये) २ मीटर अंतर असेल, तर ट्रॅक्टरचा गुरुत्वमध्य मागच्या आसाच्या पुढे फक्त ६५-६६ सेंटिमीटरवर येतो आणि जमिनीपासून तो साधारण पाऊण मीटर उंच असतो. पुढचा आस मधोमध एकाच खिळीवर डुलत असल्यामुळे चारही चाके जमिनीवर असली, तरी तोल सांभाळण्याच्या बाबतीत ट्रॅक्टर तिवईसारखा वागतो : मागची दोन चाके हे दोन पाय आणि पुढच्या आसाची खिळी हा तिसरा. गुरुत्वमध्यातून खाली सोडलेली रेषा या त्रिकोणाबाहेर गेली की ट्रॅक्टर पडतो. पुढची चाके कितीही रुंद लावली तरी हा त्रिकोण फारसा वाढत नाही, मागची चाके रुंद केली की मात्र वाढतो.

आता यात अवजाराची भर घालून पाहू. २,००० किलोच्या ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांवर सपाटीवर सुमारे ६६० किलो भार असतो. मागे ४०० किलोचा रोटाव्हेटर उचलून धरला आणि त्याचे वजन मागच्या आसापासून एक मीटर मागे आहे असे धरले, तर पुढचा भार ४६० किलोपर्यंत उतरतो. हाच ट्रॅक्टर तसाच २० टक्के चढावर घातला की पुढे जेमतेम २७० किलो उरतात. या अवस्थेत स्टेअरिंग हलके लागू लागते. ट्रॅक्टर आज छान वळतोय असे त्या क्षणी वाटते, पण तो पुढची चाके जमीन सोडू लागल्याचा इशारा असतो. अशा वेळी चालकाने क्लच झटक्याने सोडला, तर मागची चाके फिरण्याऐवजी ट्रॅक्टरचे धूडच मागच्या आसाभोवती फिरू पाहते.

बाजूला उलटण्यामागे बहुतेक वेळा उताराइतकाच वेगाचा हात असतो. वळणावर ट्रॅक्टरला बाहेर फेकणारा जोर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी १० किलोमीटरचा वेग २० केला की तो जोर चौपट होतो. त्यातच वरच्या बाजूचे चाक दगडावर चढले आणि खालच्या बाजूचे चाक नांगराच्या सरीत किंवा उंदराने पोखरलेल्या जागेत बसले, तर पंधरा टक्क्यांचा उतार त्या एका क्षणापुरता तीस टक्क्यांचा होतो.

आधी उतार मोजावा

उतार डोळ्यांनी जोखणे फसवे असते. डोंगराच्या पार्श्वभूमीवर तीव्र उतारही सौम्य दिसतो आणि ट्रॅक्टरच्या सीटवरून पाहताना तर तो आणखी कमी वाटतो. मोजण्यासाठी एक मीटर लांबीची सरळ पट्टी आणि गवंड्याची छोटी लेव्हल पुरते. पट्टीचे एक टोक उताराच्या वरच्या बाजूला जमिनीवर टेकवून दुसरे टोक हवेत धरावे, लेव्हलचा बुडबुडा मध्यावर आणावा आणि हवेतल्या टोकापासून जमिनीपर्यंतचे अंतर सेंटिमीटरमध्ये मोजावे. जितके सेंटिमीटर तितके टक्के उतार. वीस सेंटिमीटर भरले तर उतार २० टक्के, म्हणजे सुमारे ११ अंश. सत्तावीस सेंटिमीटर म्हणजे १५ अंश आणि छत्तीस म्हणजे जवळपास २० अंश. मोबाइलमधले कोन मोजणारे अ‍ॅपही चालते, पण मोबाइल थेट मातीवर न ठेवता लांब फळीवर ठेवावा, नाहीतर तो एका ढेकळाचा उतार सांगतो. शेताच्या सर्वांत सौम्य भागात मोजून समाधान मानू नये. जिथे वळायचे आहे आणि जिथून बाहेर पडायचे आहे तिथे मोजावे.

या आकड्यांचे करायचे काय, तर पहिल्यांदा आपल्या ट्रॅक्टरच्या आणि अवजाराच्या पुस्तिकेत उताराची मर्यादा दिली असेल तर ती पाहावी आणि तिच्याही आत राहावे. ती मर्यादा नसेल, तर १० टक्क्यांपर्यंतच्या कोरड्या, एकसारख्या जमिनीवर नेहमीच्या काळजीने काम करता येते. १० ते २० टक्क्यांत पुढे दिलेली सर्व तयारी केल्याशिवाय उतरू नये आणि आडवे काम टाळावे. वीसच्या पुढे संरक्षक चौकट (सीटमागची मजबूत लोखंडी कमान) नसलेला साधा ट्रॅक्टर नेऊच नये, असे माझे मत आहे. अशा जमिनीवर बैल, पॉवर टिलर किंवा हाताने चालणारा पॉवर वीडर यांत कमीपणा काही नाही. मृदसंधारणाच्या शास्त्रातही साधारण ६ टक्क्यांपर्यंतच्या उताराला समतल बांध आणि १६ ते ३३ टक्क्यांच्या उताराला मजगी, म्हणजे पायऱ्यांसारखे सपाट टप्पे, घालण्याची शिफारस असते. ज्या जमिनीची माती टिकवण्यासाठी पायऱ्या कराव्या लागतात, त्या जमिनीवर पायऱ्या न करता ट्रॅक्टर फिरवणे माती आणि माणूस दोघांनाही मानवत नाही.

मोजमाप झाल्यावर वाट पायी चालून पाहावी. गवतात लपलेले दगड, झाडाची खुंटे, पाण्याने कापलेल्या घळी, ताज्या खोदलेल्या पाइपलाइनची भुसभुशीत पट्टी, खचलेला बांध हे सगळे चालताना पायाला लागते, सीटवरून दिसत नाही. जमिनीचा स्वभावही याच वेळी कळतो. काळी माती ओली झाली की टायरच्या खाचा भरून टाकते आणि चाक गुळगुळीत होते. कातळावर पसरलेला सुटा मुरूम उन्हाळ्यातही पकड देत नाही. आणि पहाटेच्या दवाने भिजलेले गवत कोरडे भासले तरी निसरडे असते. सकाळी नऊ-दहापर्यंत थांबल्याने कामाचा फार खोळंबा होत नाही.

ट्रॅक्टरची तयारी

सर्वांत आधी ब्रेक पाहावेत. ट्रॅक्टरला डाव्या आणि उजव्या मागच्या चाकासाठी वेगवेगळे दोन पेडल असतात आणि शेतात आखूड वळण घेण्यासाठी ते सुटे केलेले असतात. उतारावर सुट्या पेडलांपैकी एकच दाबला गेला, तर एक चाक अडते, दुसरे फिरत राहते आणि ट्रॅक्टर जागेवर आडवा होतो. म्हणून दोन्ही पेडल पट्टीने एकत्र अडकवावेत आणि सपाटीवर एकदा जोरात ब्रेक मारून ट्रॅक्टर सरळ थांबतो की एका अंगाला ओढतो हे पाहावे. ओढत असेल तर त्या दिवशी उतारावरचे काम नाही. पेडल जोडणारी ही बोटभर पट्टी कित्येक ट्रॅक्टरवर गंजून चिकटलेली किंवा तारेने मागे बांधून ठेवलेली आढळते. तिला दोन थेंब तेल घालून ती मोकळी करणे हे या लेखातले सर्वांत स्वस्त काम आहे.

त्यानंतर मागच्या चाकांची रुंदी. बहुतेक ट्रॅक्टरमध्ये रिम आणि डिस्क उलटसुलट बसवून मागच्या चाकांतले अंतर वाढवता येते. उतारावरच्या कामाच्या हंगामात ते पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेत जितके वाढवता येईल तितके वाढवावे. पुढे बंपरवर लोखंडी वजने लावावीत, म्हणजे चढावर पुढचा भाग जमिनीवर राहतो. मागच्या टायरमध्ये पाणी भरायचे असल्यास व्हॉल्व्ह वर ठेवून त्या पातळीपर्यंत, म्हणजे साधारण तीन चतुर्थांश भरावे. हे वजन खालीच राहत असल्याने तोल सुधारतो. दोन्ही टायरमधली हवा आणि पाणी सारखे असले पाहिजे. एका बाजूचे टायर नरम असेल आणि तीच बाजू उताराकडे आली, तर मापलेल्या उतारात आपण स्वतःहून भर घालतो.

मागे अवजार असेल तर दोन्ही बाजूंच्या साखळ्या किंवा स्टॅबिलायझर ताणून घ्यावेत. सैल साखळीमुळे आडव्या उतारावर रोटाव्हेटर खालच्या बाजूला हेलकावतो आणि ट्रॅक्टरला आपल्याबरोबर ओढतो. फवारणीची किंवा पाण्याची टाकी पूर्ण भरलेली किंवा पूर्ण रिकामी असताना जितकी त्रासदायक नसते तितकी अर्धी असताना असते, कारण वळताना आतले पाणी एकदम खालच्या बाजूला धावते. आत आडवे पडदे नसलेली टाकी उतारावर नेऊच नये. आंबा-काजूच्या बागेत फवारणी करताना वरच्या टोकापासून सुरुवात करून खाली यावे, म्हणजे टाकी हलकी होत जाते तसे आपण सौम्य भागाकडे येतो. अर्थात बागेचा खालचा भाग सौम्य असेल तरच हे लागू. काही बागांत ओढ्याकडची बाजूच सर्वांत कड्याची असते.

चढ चढताना

चढाच्या पायथ्याशी थांबून लो रेंजमधला असा गिअर टाकावा की माथ्यापर्यंत तो बदलावा लागणार नाही. चार चाकांना ओढ असलेला ट्रॅक्टर असेल तर ती ओढही इथेच जोडावी. अवजार जमिनीला घासणार नाही इतकेच उचलावे. पूर्ण वर उचललेला नांगर रुबाबदार दिसतो, पण वजन उंच आणि मागे नेतो. क्लच हळूहळू सोडावा, अ‍ॅक्सिलरेटर एकदम वाढवू नये आणि चढ सरळ रेषेत चढावा. तिरका चढल्याने चढ सोपा होतो हा बैलगाडीच्या काळातला हिशेब ट्रॅक्टरला लागू पडत नाही, कारण तिरक्या वाटेवर मागे उलटण्याच्या जोखमीत बाजूला उलटण्याची जोखीम मिसळते.

पुढची चाके उचलू लागली तर एकच उपाय आहे : लगेच क्लच दाबणे. अ‍ॅक्सिलरेटर कमी करून भागत नाही, कारण चाकांकडे जाणारा जोर तत्काळ तोडायचा असतो. पुढचा भाग खाली आला की ब्रेकवर ट्रॅक्टर धरावा. चढावर इंजिन बंद पडले तरी ट्रॅक्टर मागे घरंगळू लागण्याआधीच ब्रेक दाबला गेला पाहिजे. मागे वेगाने घरंगळणाऱ्या ट्रॅक्टरला कचकन ब्रेक मारला, तर मागची चाके अडतात, वरचे धूड मात्र खाली जाऊ पाहते आणि ट्रॅक्टर मागच्या चाकांवरून पालथा होतो. म्हणून आधी थांबवावे, मग लो रिव्हर्स टाकून इंजिनच्या धाकात, ब्रेकचा कमीत कमी वापर करत सरळ मागे यावे.

मागे जड अवजार असेल आणि छोटाच पण कडक चढ चढायचा असेल, उदाहरणार्थ बांधावरून वरच्या तालीत (बांध घालून सपाट केलेल्या पट्ट्यात) जायचे असेल, तर रिव्हर्समध्ये चढावे. जड बाजू वरच्या अंगाला राहते आणि मागे उलटण्याची शक्यता फार कमी होते. मान वळवून चालवणे कंटाळवाणे आहे, पण दहा-पंधरा फुटांचाच प्रश्न असतो.

ओढताना हूक कुठे लावायचा

मागे उलटण्याचे अनेक अपघात चढावर अडकलेली ट्रॉली, लाकडाचा ओंडका किंवा दुसरा ट्रॅक्टर ओढताना होतात आणि त्यांचे कारण बहुधा एकच असते : साखळी किंवा दोर ड्रॉबारऐवजी (ओढण्यासाठी मागे खाली असलेल्या दांड्याऐवजी) टॉप लिंकच्या, म्हणजे अवजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या, जागी, मागच्या आसाला किंवा त्याहून वर कुठेतरी बांधलेला असतो. ड्रॉबार मागच्या आसाच्या बराच खाली असतो, त्यामुळे मागून ओढ बसली तरी ती ट्रॅक्टरला मागे पाडायला कमी वाव देते. ओढ जितकी वर बांधाल तितकी ती पुढची चाके उचलणार. म्हणून ओढायचे ते ड्रॉबारला, दोर आधी हळूच ताणून घेऊन आणि सरळ रेषेत. झटका देऊन ओढू नये आणि दोराच्या दोन्ही बाजूंना माणसे उभी करू नयेत, कारण तुटलेला दोर किंवा साखळी चाबकासारखी येते.

ट्रॅक्टर स्वतः चिखलात रुतला असेल तर मागच्या चाकांसमोर लाकूड किंवा मोठा दगड घट्ट अडकवून पुढे काढण्याची पद्धत सर्रास दिसते. चाक पुढे फिरू शकले नाही आणि इंजिन जोर देतच राहिले, तर तो जोर ट्रॅक्टरचा पुढचा भाग उचलण्यात खर्ची पडतो. चाकामागची माती खणून रिव्हर्समध्ये निघण्याचा प्रयत्न आधी करावा; जमले नाही तर दुसऱ्या ट्रॅक्टरने बाहेर ओढावे. भाताच्या खाचरात चिखलणीची लोखंडी चाके लावलेली असताना ही काळजी दुप्पट, कारण ती चाके घसरत नाहीत, रुततात.

उतरताना, विशेषतः ट्रॉलीसह

उतरण्याचा नियम सोपा आहे : ज्या गिअरमध्ये तो चढ चढता आला असता त्याच गिअरमध्ये, किंवा त्याहून एक खाली, उतरावे. गिअर माथ्यावर थांबून टाकावा, मधे बदलू नये आणि क्लचवर पाय ठेवू नये. डिझेल वाचवण्यासाठी न्यूट्रल करून उतरणारे चालक अजूनही आहेत. वाचलेल्या डिझेलची किंमत चहाच्या कपापलीकडे जात नाही, आणि न्यूट्रलमध्ये वेग घेतलेल्या ट्रॅक्टरला पुन्हा गिअर पडत नाही.

ट्रॉली मागे असली की प्रश्न वजनाचा होतो. २ टन वजनाचा ट्रॅक्टर आणि ८ टनांची भरलेली चारचाकी ट्रॉली १० टक्के उतारावर आहे असे धरा. दोन्ही मिळून १० टनांचा दहावा भाग, म्हणजे सुमारे १,००० किलोचा जोर खाली ढकलतो आहे. बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. त्यांवर सपाटीवर १,३०० किलोच्या आसपास भार असतो आणि उतरताना वजन पुढे सरकत असल्याने तो आणखी कमी होतो. मुरमाच्या रस्त्यावर ही चाके घसरण्यापूर्वी आपल्यावरील भाराच्या साधारण निम्मा जोर रोखू शकतात, म्हणजे ६०० ते ६५० किलो. ट्रॉलीच्या चाकांना रस्त्याचा जो विरोध असतो त्यात काही भाग आपोआप खर्ची पडतो हे खरे, पण हाताशी शिल्लक काहीच राहत नाही. उतार १५ टक्के झाला किंवा पावसाची एक सर आली की हिशेब उलटा पडतो. मग ट्रॉली ट्रॅक्टरला ढकलू लागते, ट्रॅक्टर थोडासा जरी तिरका असला तर हुकापाशी घडी होते आणि ट्रॅक्टर आडवा पडतो.

यावरचा खरा उपाय ट्रॉलीला स्वतःचे चालू स्थितीतले ब्रेक असणे हाच आहे. ते नसतील तर भार कमी करणे एवढाच मार्ग उरतो : घाटाच्या किंवा तीव्र उताराच्या वाटेवर अर्धी ट्रॉली भरावी, खाली सपाट रस्त्यावर उरलेला ऊस चढवावा. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडण्याची ऊस वाहतुकीतली पद्धत उतारावर पूर्णपणे बंद ठेवावी. वाहतूकदाराला टनावर पैसे मिळतात, म्हणून ती चालते हे सगळ्यांना ठाऊक आहे. निदान उताराच्या पट्ट्यात तरी शेतकऱ्याने एका ट्रॉलीचा आग्रह धरावा. ऊस ट्रॉलीच्या वर किती रचायचा यालाही मर्यादा हवी, कारण उंच रचलेली मोळी वळणावर आधी ट्रॉली पाडते आणि ट्रॉली ट्रॅक्टरला घेऊन जाते.

ट्रॉली ट्रॅक्टरच्या हुकाला जोडणारी पिन हा आणखी एक दुर्लक्षित भाग. मूळ पिन हरवली की तिच्या जागी सळईचा तुकडा किंवा बोल्ट घातला जातो आणि खालची लॉक पिन बसवायची राहून जाते. खडबडीत पाणंदीत असा तुकडा उसळून वर येतो. पिन हुकाच्या भोकाला नेमकी बसणारी, न झिजलेली असावी, खाली लॉक पिन असावी आणि जोडीला सुरक्षा साखळी असावी. भोक अंडाकृती झाले असेल तर हूक बदलण्याची वेळ झालेली आहे.

चार चाकांना ओढ असलेल्या ट्रॅक्टरमध्ये उतरतानाही ती जोडलेली ठेवावी. त्यामुळे इंजिनाचा आणि ब्रेकचा रोध पुढच्या चाकांपर्यंत पोहोचतो, आणि उतरताना वजन त्याच चाकांवर आलेले असते. उतारावर मागची चाके अडून ट्रॅक्टर घसरू लागला, तर ब्रेक आणखी दाबण्याची इच्छा होते; ती आवरून ब्रेक क्षणभर सैल करावा, चाके फिरू द्यावीत, स्टेअरिंग सरळ खालच्या दिशेने ठेवावे आणि मागे नांगर किंवा फणपाळी असेल तर ती जमिनीवर सोडावी. फाळ मातीत रुतले की ट्रॅक्टर थांबायला मदत होते.

आडव्या उतारावर आणि बांधाच्या कडेला

इथे एक खरी अडचण आहे. धूप थांबवण्यासाठी उताराला आडवी नांगरट करावी असे कृषी खाते आणि विद्यापीठे सांगतात आणि ते बरोबरच आहे, पण ट्रॅक्टरला सर्वांत धोक्याचे काम तेच. सौम्य उतारावर दोन्ही साधते. तीव्र उतारावर आधी बांधबंदिस्ती किंवा मजगी करून जमीन टप्प्याटप्प्याने सपाट करावी आणि मगच ट्रॅक्टर घालावा. केवळ ट्रॅक्टर सोयीने फिरावा म्हणून वरून खाली सऱ्या पाडल्या, तर पहिल्याच मोठ्या पावसात माती ओढ्यात जाते.

आडवे काम करावेच लागले तर सर्वांत कमी वेग ठेवावा, अवजार खाली ठेवावे आणि ट्रॉली किंवा टाकी मागे नसावी. पलटी नांगर असल्यास माती वरच्या बाजूला पडेल असा फिरवावा. मातीचे संधारण होते आणि वरच्या बाजूचे चाक सरीत चालल्याने ट्रॅक्टर थोडा सपाटही राहतो. वळण शेताच्या सौम्य भागात घ्यावे. ट्रॅक्टर कलू लागल्याचे जाणवले तर स्टेअरिंग खालच्या बाजूला वळवावे, वरच्या नव्हे. मन वर पळायला सांगते, पण वर वळवल्याने खालच्या चाकांवरचा भार आणखी वाढतो.

बांध, ओढा, शेततळे आणि विहीर यांच्या कडेपासून अंतर ठेवण्याचा साधा नियम असा की कड जितकी खोल, निदान तितके अंतर सोडावे. बांध दीड मीटर उंच असेल तर चाक कडेपासून दीड मीटर आत. पावसाळ्यात हे अंतर दुप्पट करावे, कारण पाण्याने फुगलेली कड वरून घट्ट दिसते आणि आतून सुटलेली असते. कठडा नसलेल्या विहिरींचे तर विचारू नये. एप्रिल २०२५ मध्ये नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात शेतमजूर महिलांना घेऊन निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह विहिरीत कोसळला आणि सात महिलांचा मृत्यू झाला. मडगार्डवर, हुकावर किंवा ट्रॉलीत माणसे बसवायची नाहीत, ही गोष्ट सपाटीवर जितकी खरी तितकीच उतारावर अधिक निकडीची. उलटणाऱ्या ट्रॅक्टरवरून मडगार्डवरचा माणूस सर्वांत आधी खाली जातो, आणि बहुधा चाकाखालीच.

संरक्षक चौकट आणि पट्टा

सीटच्या मागे बसवलेली मजबूत लोखंडी कमान, जिला रोल-बार म्हणतात, ट्रॅक्टर उलटला तरी चालकाभोवती जागा शिल्लक ठेवते आणि पुष्कळदा ट्रॅक्टरला पूर्ण पालथा होऊ देत नाही. स्वीडनने १९५९ मध्येच नव्या ट्रॅक्टरवर ती सक्तीची केली. आपल्याकडे उन्हासाठी लावलेले पत्र्याचे किंवा ताडपत्रीचे छत दिसते, ते संरक्षक चौकटीचे काम करत नाही, आणि गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात पाइप वाकवून केलेली कमानही भरवशाची नाही, कारण तिची आणि तिच्या बोल्टची चाचणी झालेली नसते. उताराच्या भागात ट्रॅक्टर घेताना उत्पादकाची प्रमाणित चौकट बसवून मागावी.

सीटच्या पट्ट्याचा (सीटबेल्टचा) नियम नीट लक्षात घ्यावा. चौकट असेल तर पट्टा बांधलाच पाहिजे, अन्यथा चालक बाहेर फेकला जाऊन त्याच चौकटीखाली सापडू शकतो. चौकट नसेल तर पट्टा बांधू नये. बागेत फांद्यांखालून जाण्यासाठी घडीची चौकट खाली पाडलेली असेल, तर तितका वेळ ती नाहीच असे समजावे आणि बागेबाहेर पडताच उभी करावी.

उतारावर उभा करणे

शक्यतो करूच नये. तरीही बॅटरी कमजोर असल्यामुळे सकाळी ढकलून सुरू करता यावा म्हणून ट्रॅक्टर मुद्दाम उतारावर लावण्याची सवय अनेक घरांत आहे. खेळता खेळता एखाद्या मुलाने गिअर हलवला तर काय होईल, याचा विचार त्या वेळी होत नाही. नव्या बॅटरीचा खर्च करावा. नाइलाजाने उभा करायचा असेल तर अवजार जमिनीवर टेकवावे, हँडब्रेक लावावा, इंजिन बंद करून तोंड वर असल्यास पहिला आणि तोंड खाली असल्यास रिव्हर्स गिअर टाकून ठेवावा, चाकांना खालच्या बाजूने मोठे दगड लावावेत आणि चावी खिशात घालावी. गिअरमध्ये असलेल्या ट्रॅक्टरच्या स्टार्टरला खाली उभे राहून पाना लावून सेल्फ मारू नये. ट्रॅक्टर सुरू होतो तो थेट माणसाच्या अंगावर.

उलटलाच तर

चालकाने उडी मारण्याचा प्रयत्न चौकट असलेल्या ट्रॅक्टरवर कधीही करू नये. स्टेअरिंग घट्ट धरून सीटवरच राहावे. मदतीला आलेल्यांनी आधी इंजिन बंद करावे, बिडी-काडी दूर ठेवावी, कारण डिझेल सांडलेले असते, आणि १०८ वर रुग्णवाहिकेसाठी फोन करावा. माणूस खाली अडकला असेल तर ट्रॅक्टर आणखी घसरू नये म्हणून पहिल्यांदा दगड, ओंडके लावून तो स्थिर करावा. दुसऱ्या ट्रॅक्टरने साखळी लावून घाईने ओढल्यास तो माणसावरून फिरतो. जॅक, पहारी आणि ओंडके वापरून थोडा थोडा उचलत, प्रत्येक बोटभर उचलल्यावर खाली आधार सरकवत माणसाला मोकळे करावे. तो बोलत-चालत असला तरी रुग्णालयात न्यावे, कारण पोटातला आणि छातीतला मार बाहेरून दिसत नाही.

पालथा झालेला ट्रॅक्टर सरळ केल्यावर लगेच सेल्फ मारू नये. इंजिन ऑइल सिलिंडरमध्ये उतरलेले असू शकते आणि तसे असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड वाकतो. मेकॅनिककडून इंजेक्टर काढून, इंजिन हाताने फिरवून तेल बाहेर काढून घ्यावे, बॅटरीतले सांडलेले अ‍ॅसिड धुवावे, ब्रेक आणि स्टेअरिंगचे सांधे तपासावेत. अपघातात वाकलेली संरक्षक चौकट तापवून सरळ करू नये किंवा वेल्ड करू नये. ती बदलावीच लागते.